माळ्यावरची माणसं

१

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान या शहरातलं कोण कुठे निघालंय, ते मला विचारावं. ज्याचं त्यालाही इतकं नीट सांगता येणार नाही. गेली एकोणीस वर्षं माझं हेच काम आहे. शहराचे आम्ही दोनशे बारा तुकडे केलेत, त्यांना झोन म्हणतात. दर दोन वर्षांनी चार हजार घरांत फॉर्म वाटतो: घरात कोण कोण, वय काय, सकाळी किती वाजता निघता, कामाला किंवा शाळेला कुठे जाता, कशाने जाता. घरटी एक पान, माणशी एक ओळ, आणि त्या ओळीलाच आम्ही फॉर्म म्हणतो. त्या चार हजार घरांवरून अख्ख्या शहराची सकाळ मी संगणकावर मांडतो. मग कुठला पूल रुंद करायचा, कुठली बस वाढवायची, नवी शाळा कुठे हवी, हे मोठी माणसं त्यावरून ठरवतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती माझी रोजीरोटी. आणि माझं शीत सहसा कच्चं निघत नाही.

यात एक नियम पाळावाच लागतो. घरातून जितके निघाले, तितके कुठेतरी पोचले पाहिजेत. निघालेल्यांची आणि पोचलेल्यांची बेरीज जुळली नाही की संगणक अडून बसतो. लोक तर फॉर्मवर काय वाट्टेल ते लिहितात. 'कामाचं ठिकाण: साहेब सांगतील तिथे.' 'शाळा: मोठी.' एका गृहस्थांनी नुसतंच लिहिलं होतं, 'जवळच.' आता कशाच्या जवळ, ते त्यांनाच माहीत. अशांना झोन कुठला द्यायचा?

त्यासाठी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एक शक्कल काढली. शहराच्या टोकाला, मोठी जलवाहिनी आणि रेल्वेचे रूळ यांच्यामध्ये, एक त्रिकोणी पडीक जागा आहे. घर नाही, दुकान नाही, झाडही धड नाही. तिला मी दोनशे तेरावा झोन केला आणि ज्याच्या ठिकाणाचा पत्ता लागत नाही त्याला तिकडे पाठवायला लागलो. बेरीज जुळते आणि कुणाचं काही जात नाही. ऑफिसात त्या झोनला सगळे 'माळा' म्हणतात. घरातली नको असलेली वस्तू टाकतो तसा फॉर्म माळ्यावर टाकायचा.

बाकीच्या प्रत्येक फॉर्ममागे आम्ही शहरातली सव्वाशे माणसं धरतो. माळ्यावरच्या फॉर्ममागे एकच. अडगळीला कोण गुणत बसतं? शिवाय आमचं मॉडेल फक्त सकाळचं. संध्याकाळ आम्ही वेगळी मांडत नाही, सकाळच उलटी फिरवतो आणि गेलेले परत आले असं धरतो. माळ्याची तेवढी फिरवत नाही. जिथे कोणी गेलंच नाही तिथून परत कोण येणार?

२

मॉडेल कितीही चांगलं असलं तरी कोणीतरी रस्त्यावर उभं राहून खरी डोकी मोजून आणावी लागतात. आमच्याकडे ते काम मोजणीदार काकांचं. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळे, एकटेच राहणारे. त्यांच्या मुठीत मावेल एवढं लोखंडी यंत्र असे. अंगठ्याने दाबलं की टक् वाजायचं आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. तीस वर्षं चौकांत, पुलांवर, शाळांच्या फाटकांशी उभं राहून काकांनी एवढंच केलं. त्यांचा आकडा आणि कॅमेऱ्याचा आकडा जुळला नाही, तर आम्ही कॅमेरा दुरुस्तीला पाठवायचो. जेवतानाही त्यांचा अंगठा चालू असे. कॅन्टीनच्या दारातून आत किती आले, बाहेर किती गेले.

"तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, साहेब," ते मला म्हणायचे. "त्या मोजतो मी."

दर वेळी पडताळणीसाठी आम्ही चिठ्ठ्या टाकून दहा झोन निवडतो आणि काकांना तिथे पाठवतो. यंदा चिठ्ठ्या करणाऱ्याने दोनशे तेराचीही चिठ्ठी करून टाकली आणि नेमकी तीच निघाली. ऑफिसात हशा पिकला.

"जाऊन या, काका," मी म्हटलं. "सकाळची हवा खा, शून्य लिहा आणि या."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, एकतीस.

मी संगणकावर पाहिलं. माळ्यावर त्या दिवशी फॉर्म होते एकतीस.

"काका, फिरकी घेताय का? कुणी सांगितला हा आकडा?"

"मला काय ठाऊक तुमचा आकडा? आठ दहाची बस शेवटच्या थांब्याला लागली, एकतीस उतरले. एकोणीस पुरुष, नऊ बायका, तीन मुलं. मुलांच्या पाठीला दप्तरं. सरळ फाटकातून आत गेले."

मी फॉर्म चाळले. एकोणीस पुरुष, नऊ बायका, तीन मुलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मला भीती वगैरे काही वाटली नाही. अभिमान वाटला. अडगळीतलाही आकडा बरोबर येतो, याला म्हणतात हात बसणं.

३

अभिमान ओसरला तसा मी विचाराला लागलो. तिथे एखादं गोदाम सुरू झालं असेल, कसले तरी वर्ग निघाले असतील. एकतीसला एकतीस हा योगायोग. माणसांच्या इतक्या राशी मी उपसल्या आहेत की असे योगायोग मला नवे नाहीत. तरी चोख काम करायची सवय. मी काकांना संध्याकाळची मोजणीही करायला सांगितली.

"सातपर्यंत उभा होतो," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "बाहेर आले शून्य."

"दुसऱ्या वाटेने गेले असतील."

"दुसरी वाट नाही. एका अंगाला रूळ, एका अंगाला तो डोक्याएवढ्या उंचीचा पाइप, आणि फाटक एक."

"मग पाळी लांबली असेल. आतच राहत असतील."

काका खुर्चीत बसले. एरवी ते माझ्यासमोर कधी बसत नाहीत.

"आज सकाळी परत गेलो होतो, साहेब. तुम्ही सांगितलं नव्हतं, मीच गेलो. आठ दहाला पुन्हा एकतीस उतरले. तेच. लाल पिशवीवाली बाई तीच, काखेत फाइल धरलेला उंच माणूस तोच. कालचे बाहेर आले नाहीत, मग आज बसमध्ये कुठून बसले?"

मी म्हटलं की चेहरे लक्षात राहण्यात गफलत होते. काकांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा निश्चल होता. इतक्या वर्षांत तो थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

४

मी तर्काने चालणारा माणूस आहे. फॉर्मवर नाव नसतं, पण घराचा पत्ता असतो. माळ्यावरच्या फॉर्मांतला एक काढला. पुरुष, वय एकेचाळीस, कामाचं ठिकाण: 'नवीन जागा, अजून नक्की नाही.' दुपारी त्या पत्त्यावर गेलो.

तिसरा मजला. दार उघडलं ते त्याच्या बायकोने. पदराला हात पुसत तिने मला आत घेतलं. सर्वेक्षणाचं राहिलेलं विचारायला आलोय म्हटल्यावर ती मोकळेपणाने बोलायला लागली.

"सात चाळीसला निघतात. चहा उभ्याउभ्याच. बूट घालताना रोज वैतागणार, मोजे कुठे, रुमाल कुठे. जाताना किल्ली विसरतात आणि परत दारात येतात. रोज! मी किल्ली हातात धरूनच उभी असते आता."

"आणि घरी परत किती वाजता?"

तिने बोलायला तोंड उघडलं आणि तशीच राहिली. मग हसली.

"येतात ना."

"साधारण किती वाजता?"

"येतात की संध्याकाळी..." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असावं. "कामावरून माणूस घरीच येणार. असं काय विचारता?"

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर दोन उशा होत्या. एक दबलेली, तिच्या अभ्र्यावर तेलाचा डाग. दुसरी फुगलेली, कडक, दुकानातून आणल्यासारखी. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"काल रात्री जेवताना काय म्हणाले ते?" मी विचारलं. हा प्रश्न आमच्या कुठल्याच फॉर्मवर नाही.

तिचा चेहरा उतरला. तिला माझा राग आला होता आणि त्याच वेळी ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती.

"तुम्ही संध्याकाळचं कशाला विचारताय?" ती म्हणाली. "फॉर्मवर तर सकाळचंच होतं."

जिना उतरताना मी स्वतःला समजावलं की घरातल्या कटकटी लोक परक्याला सांगत नाहीत. नवरा घरी येत नसेल. अशी घरं असतात. पण मग आणखी एका घरी जाऊन पाहायचं धाडस मला झालं नाही, हेही इथे सांगून टाकतो.

५

त्याच आठवड्यात यंदाचं मॉडेल पूर्ण झालं. मंगळवारी फॉर्मांचा शेवटचा गठ्ठा आला, मी तो चढवला. संगणकाने एक फॉर्म माळ्यावर टाकायची परवानगी मागितली आणि मी सवयीने होय म्हटलं. उघडूनही पाहिला नाही. अहवालावर आमच्या विभागप्रमुख मॅडमची सही झाली. एकदा सही झाली की सगळ्या झोनच्या बेरजा गोठतात. त्यानंतर माणसांची अदलाबदल करता येते, बेरीज बदलता येत नाही.

आमच्या घरी आम्ही तिघं. मी, बायको आणि आमची लेक. तिला आम्ही ठकी म्हणतो. वय बारा. पेन्सिलीचं टोक चावून चावून चोथा करते, आणि पुढचा एक दात वाकडा असल्याने त्या चोथ्यातही एक खाच ठरलेली. शाळेतून आली की दारातूनच बूट उडवते. एक सोफ्याखाली जातो आणि दुसरा मोरीपर्यंत. धप्, आणि मग जरा वेळाने धप्. त्यावरून आमच्या घरात रोज एक भांडण ठरलेलं.

बुधवारी सकाळी पावाचा तुकडा गालात कोंबत ती म्हणाली, "बाबा, आजपासून मी दुसऱ्या बसने जाते."

"का गं?"

"ती बरोबर जाते."

मी पेपर वाचत होतो. बरं म्हटलं.

गुरुवारी मी माळा बघायला निघालो. वाटेत गाड्या तुंबल्या होत्या, पोचायला साडेआठ झाले. काका फाटकाशी उभे होते.

"आज बत्तीस," ते म्हणाले. "कालही बत्तीसच. मुलं चार झाली."

फाटकाला कुलूप नव्हतं. आम्ही दोघं आत शिरलो. आत गवतात एक पायवाट पडली होती, टणक, रोजच्या वापराची. तिच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक लांबट चाळवजा इमारत, एकापुढे एक चार खोल्यांची. जलवाहिनी टाकताना मजुरांसाठी बांधली असणार. माझ्या नकाशात ती कधीच नव्हती.

आतून आवाज येत होता. शाळा भरताना किंवा ऑफिस सुरू होताना येतो तसा. खुर्च्या सरकवल्याचा, कोणीतरी घसा खाकरल्याचा, कागद उलटल्याचा. मी पहिल्या खोलीचं दार ढकललं. खोली रिकामी. आवाज पुढच्या खोलीतून येत होता. त्या खोलीत गेलो तर तीही रिकामी, आणि आवाज तिच्या पुढच्या खोलीत. चौथ्या खोलीपलीकडे खोलीच नव्हती. तिथे पोचलो तेव्हा आवाज आम्ही मागे टाकलेल्या पहिल्या खोलीतून येऊ लागला.

चौथ्या खोलीत खुर्च्या होत्या. लोखंडी, घडीच्या, चार रांगांत आठ-आठ. काकांनी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती. मी एका खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. गरम होती, आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखी. दुसरीही गरम. रांगेच्या रांग गरम.

शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची कोमट होती. नवखं माणूस अजून नीट टेकून बसत नाही तशी. तिच्याखाली एक पेन्सिल पडली होती. मी ती उचलली. टोक चावलेलं होतं आणि चोथ्यात एका बाजूला खाच होती.

पोरी पेन्सिली चावतात. सगळ्याच चावतात. मी हे मनात म्हणत असतानाच दुसरं काहीतरी आठवायला बघत होतो, कालची संध्याकाळ. मी घरी पोचलो, जेवलो, झोपलो. बुटांचा आवाज आठवत नव्हता. एक धप् नाही की दुसरा नाही.

बाहेर येऊन मी बायकोला फोन लावला.

"ठकी काल किती वाजता आली?"

"काल?" ती म्हणाली. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "शाळा सुटल्यावर आली असेल ना. तू असं काय विचारतोस? आली असेलच." आणि मग, अगदी सहज, "सकाळी तर होती की."

माझी पाचावर धारण बसली.

६

ऑफिसात येऊन शेवटच्या गठ्ठ्यातला तो फॉर्म उघडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पत्ता माझ्याच घराचा होता. यंदा चार हजार घरांत आमचंही आलं होतं, बायकोने फॉर्म भरला होता आणि मला सांगायचं विसरली होती. ठकीची शाळा जूनमध्ये नव्या जागी हलली. बायकोने लिहिलं होतं, 'शाळा: नव्या इमारतीत.' मी बनवलेल्या यादीत नवी इमारत नव्हती.

मी शाळेचा खरा झोन भरला. संगणकाने बजावलं, माळ्यावर बत्तीस हवेत, एक कमी आहे. मी तसंच पुढे रेटलं. पुन्हा उघडून पाहिलं तर ठकी परत माळ्यावर. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच.

मॅडमच्या खोलीत गेलो. बेरजा पुन्हा उघडायला त्यांची सही लागते.

"रिकाम्या झोनमधल्या एका माणसासाठी?" चष्मा वर करत त्या म्हणाल्या. "अहो, अहवाल वर गेलाय. तुम्हीच तर म्हणता, माळ्याला कोण विचारतं."

"ती चूक आहे, मॅडम. माझी चूक आहे."

"मग अदलाबदल करा ना. त्याला सही लागत नाही. कुणाला तरी खाली आणा, कुणाला तरी वर टाका. तुम्हाला काय मी शिकवायचं?"

नाही, मला शिकवायची गरज नव्हती.

मी टेबलाशी बसलो आणि फॉर्म चाळू लागलो. कॉलेजातला मुलगा. नर्स. दोन लेकरांची आई. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी संध्याकाळी दाराकडे कान लावून बसलेलं मला दिसत होतं. माझा स्वतःचाही फॉर्म त्यात होता, ठकीच्याच पानावर, तिच्या वरच्या ओळीत. तिथे माझी नजर थांबली होती. तेवढं कबूल करतो. मग ती पुढे सरकली.

पुरुष, वय अठ्ठावन्न. घरात एकटाच. 'कामाचं ठिकाण: रोज वेगळं.'

अक्षर मी ओळखलं नाही असं म्हणणार नाही. एकोणीस वर्षं तेच अक्षर माझ्या टेबलावर आकडे आणून ठेवत होतं. पण मी मनाशी म्हटलं, कुणीतरी अंदाजाने याला एक झोन देऊन टाकलाय म्हणून, नाहीतर असा फॉर्म एरवीही माळ्यावरच गेला असता. रोज वेगळं म्हणजे झोन कुठला? नियमाप्रमाणे तो तिथलाच. आणि एकट्या माणसाची संध्याकाळ, ती तशीही कुणाला आठवणार? मी बाप आहे, असंही मी म्हटलं. हे सगळं मी इतक्या भराभर म्हटलं की संगणकाने परवानगी मागितली तेव्हा बोट होय वर होतंच.

माळ्यावर बत्तीस. बेरीज जुळली.

खिडकीतून खाली पाहिलं तर काका फाटकाजवळ उभे राहून ऑफिस सुटताना बाहेर पडणारी माणसं मोजत होते. काम म्हणून नाही, त्यांची आपली सवय.

७

मी घरी धावत गेलो. बायको स्वयंपाकघरात होती. मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलो आणि दाराकडे बघत राहिलो. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले.

दार उघडलं. धप्. आणि मग जरा वेळाने, धप्.

"ठके!" आतून बायको ओरडली. "बूट! किती वेळा सांगायचं?"

मी उठून पोरीला मिठी मारली. तिच्या केसांना खडूचा आणि घामाचा वास येत होता. मला रडू फुटलं आणि मी ते फुटू दिलं.

"बाबा, काय झालं?" ती चकित होऊन म्हणाली. "सोड ना. बघ, माझी पेन्सिल हरवली."

मी खिशातली पेन्सिल तिला दिली. कुठे मिळाली, असं तिने विचारलं नाही. लगेच टोक तोंडात घातलं.

शुक्रवारी ऑफिसात पोचलो तेव्हा माझ्या टेबलावर काकांचं लोखंडी यंत्र ठेवलेलं होतं. आकडा होता बत्तीस. काका आले नव्हते. कॅन्टीनवाल्याला विचारलं.

"काका? सकाळी दिसले ना," तो म्हणाला. "बस पकडायची म्हणून घाईत होते."

"आणि काल संध्याकाळी चहाला आले होते?"

तो कप विसळता विसळता थांबला. "असतील," म्हणाला. "आले असतील."

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं म्हणतात. मी हसलो नाही. पण मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि दुपारपर्यंत लाजही गेली.

८

काका नसल्यामुळे माळ्याची मोजणी आता मीच करतो. कुणी सांगितलेलं नाही. घरून साडेसातला निघतो आणि शेवटच्या थांब्यावर पाइपाला टेकून उभा राहतो. हातात त्यांचं यंत्र. आठ दहाची बस लागते आणि मी अंगठा चालवतो. लाल पिशवीवाली बाई, टक्. फाइलवाला उंच माणूस, टक्. ते आजूबाजूला बघत नाहीत. चेहरे दुःखी नसतात. कामावर जाणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसेच असतात, जरा झोपाळलेले, जरा घाईत. मुलं तीनच. मी दोनदा खात्री करून घेतो.

काका सगळ्यात शेवटी उतरतात.

पहिल्या दिवशी मी त्यांना हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. ते रांगेच्या मागून चालत होते आणि पुढचा एकेक जण फाटकातून आत गेला की त्यांचा उजवा अंगठा रिकाम्या मुठीवर दाबला जात होता. तीस वर्षांची सवय. एकतीस झाले. मग आत पाऊल टाकताना त्यांनी स्वतःला मोजलं. बत्तीस. मला वाटलं आता संपलं.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीनेही नाही. चौकात उभे असताना ते लोकांकडे बघायचे तसं. आणि अंगठा आणखी एकदा दाबला.

माझ्या हातात टक् वाजलं. माझा अंगठा यंत्रावर नव्हता. मी खाली पाहिलं, आकडा तेहेतीस होता.

काकांची मोजणी कधी चुकलेली नाही. पण बेरजा गोठलेल्या आहेत. माळ्यावर बत्तीस म्हणजे बत्तीस, त्याच्या वर एकही चढू शकत नाही. हे मॉडेल मी स्वतः बांधलंय, त्यातला खिळा न् खिळा मला ठाऊक आहे. त्यामुळे मला काळजी नाही. आता हे लिहितोय तेही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चहा घेत. ठकी समोर पाव खातेय. बायको माझी किल्ली हातात धरून दारात उभी आहे, कारण मी ती विसरतो. सगळं जागच्या जागी आहे.

फक्त काल ठकीचे बूट किती वाजता वाजले, ते आठवत नाहीये. मघाशी तिलाच विचारलं.

"पावणेसहाला," ती म्हणाली. "रोजच्यासारखे. आई ओरडली." मग पेन्सिल तोंडातून काढून माझ्याकडे बघत राहिली. "पण बाबा, तू कुठे होतास?"

घरीच असेन. दुसरं कुठे असणार? सकाळी तर होतो.